मदत हवी आहे: शब्द कळतो लगेच, पण टिकत नाही

मंडळी, जर्मनची बी-वन (म्हणजे मधल्या पातळीची) परीक्षा तोंडावर आलीये आणि शब्द काही केल्या डोक्यात राहत नाहीयेत. क्लासमध्ये वाक्यावरून अर्थाचा अंदाज बरोबर येतो, पण दोन दिवसांनी तोच शब्द समोर आला की पाटी कोरी. घरात तीन वर्षांची भाची आहे, तिला 'पाना दे' म्हटलं की बरोबर पानाच काढून देते, का तर हातोडी नि पक्कड तिला आधीच माहीत, मग उरला तो पाना! याला म्हणे फास्ट मॅपिंग म्हणतात, १९७८ मध्ये केरी आणि बार्टलेट या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एक निळा नि एक ऑलिव्ह (हिरवट) ट्रे ठेवून 'निळा नको, क्रोमियम ट्रे आण' सांगून हेच तपासलेलं, आणि 'क्रोमियम' हा शब्द नवा असूनही पोरं ऑलिव्ह ट्रे आणायची. पण २००८ च्या एका प्रयोगात दोन वर्षांची मुलं असे शब्द पाच मिनिटांत विसरली, म्हणजे माझं तसंच होतंय बहुतेक. अंकी नावाचं शब्दांची कार्डं घोकून घेणारं ॲप लावलं, तर कार्डांचा एवढा ढीग साठला की आता उघडायचीच धास्ती वाटते. नामाच्या लिंगाप्रमाणे लागणाऱ्या डेर-डी-डासचं तर विचारूच नका.

नोकरी सांभाळून शिकलेल्यांनी प्लीज सांगा, मराठीवरून जर्मन आठवायची उलटी कार्डं करता, की अख्खी वाक्यंच पाठ करता? आणि रोज नवे शब्द किती घेता? 'रोज वाचत जा' सोडून काहीही चालेल.