पोराला पुढे आणायचं म्हणजे ज्येष्ठांना उठवायचं का?

माहीमचा श्रोता
परवा परळकर यांनी इथे लिहिलं की लोअर परळच्या क्लबात शनिवारी जाझच्या मैफलीत त्या २२ वर्षांच्या ट्रंपेटवाल्या पोरावर अन्याय झाला. पोस्टरवर नाव त्याचं, पण निम्मा वेळ सोबतच्या साठी-सत्तरीच्या मंडळींनी खाल्ला. शेवटचं वाक्य होतं, "म्हाताऱ्यांनी आता उठावं आणि जागा करून द्यावी." दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, जमला नाही. मी त्या रात्री तिथेच होतो, पियानोपासून चार हातांवर.

पोराची फुंक दमदार आहे, वरचे सूर स्वच्छ लागतात, बोटांना वेग आहे. पण पहिल्या तिन्ही गाण्यांत त्याने एकच केलं. सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायची पाळी, सुरू झाला की पहिल्या बारपासून (बार म्हणजे तालाचा एक फेरा) सगळी जागा भरून टाकली. चौथं गाणं संथ होतं. तेव्हा पियानोवाल्या काकांनी हात उचलले. आठ बार एकही कॉर्ड, म्हणजे साथीचा सूरसमूह, दिली नाही. ड्रमवाल्यांनी काड्या ठेवून मऊ आवाजाचे तारांचे ब्रश घेतले, खाली नुसता डबल बेस चालू राहिला. पोरगं एकदम उघड्यावर आलं. बिचकलं, थांबलं, मग तीन सूर वाजवले, मधे भरपूर श्वास सोडून. ते तीन सूर अजून माझ्या कानात आहेत.

याला वेळ खाणं म्हणता? ही भर मैफलीत दिलेली तालीम होती. आपल्याकडे तंबोऱ्यावर मागे बसलेल्या शिष्याला गुरू सगळ्यांदेखत एक जागा घ्यायला सोडतो, ती हीच गोष्ट. जाझचा थोर ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये शिकागोला गेला तो किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचाच भाऊ, वाजवायला. दुसरा. ऑलिव्हर काय वाजवणार हे कानाने ओळखून त्याच्याखाली आपला सूर जुळवायचा, हे त्याचं काम. तिथे त्याचे कान तयार झाले.

परळकर
तुम्ही आर्मस्ट्राँग सांगता, ट्रंपेटवाला ली मॉर्गन विसरता. १९५६ मध्ये, १८ व्या वर्षी त्याच्या स्वतःच्या नावावर रेकॉर्डिंग झालं. दुसरा ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राउन त्याच वर्षी अपघातात गेला, अवघ्या २५ व्या वर्षी. या दोघांना कोणी "थांब बाळा, अजून ऐक" म्हणत बसलं असतं तर आज आपण काय ऐकलं असतं?

आणि तंबोऱ्याचं कौतुक मला सांगू नका. माझा मुलगा तबला वाजवतो. १४ वर्षं साथ करतोय. "साथ कर, शिकशील" हे त्याला ज्यांनी सांगितलं, त्यांनी एकदाही त्याला स्वतंत्र वादनाला बसवलं नाही. साथ करून करून माणूस साथीदारच राहतो. शनिवारी मला ते पोरगं दिसत नव्हतं, माझा मुलगा दिसत होता.

माहीमचा श्रोता
मुलाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण ली मॉर्गन १८ व्या वर्षी रोज कोणाच्या बँडमध्ये वाजवत होता? ज्येष्ठ ट्रंपेटवाल्या डिझी गिलेस्पीच्या. ट्रंपेटवाला विंटन मार्सालिस १९८० मध्ये ड्रमवाल्या आर्ट ब्लेकीच्या बँडमध्ये गेला तेव्हा ब्लेकी साठीचा होता. तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूची आहेत.

वसई लोकल
तुम्ही दोघं भांडा, पण ऐकायला जायचं कोणी? दोघांचे ३००० आत शिरतानाच गेले. बाजूच्या टेबलावर वाढदिवस, संथ गाण्यातही यांचे फोटो चालू. दुसरा सेट सुरू होईपर्यंत मी घड्याळच बघत होतो, शेवटची गाडी चुकली तर रात्र फलाटावर. १९७८ ला पहिली जाझ यात्रा, म्हणजे जाझचा महोत्सव, धोबीतलावच्या रंगभवनात झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. सॅक्सोफोनवाला सोनी रोलिन्स उघड्या आकाशाखाली ऐकला, आणि आमच्यासारख्या पोरांना ते परवडलं. शांतता क्षेत्र म्हणून रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले ते झाले. पोरांना जागा द्यायची तर आधी शहरात जागा हवी.

बाजेवाल्याचा मुलगा
ज्येष्ठ, ज्येष्ठ चाललंय म्हणून लिहितो. या शहरात ज्येष्ठांना कोणी काय दिलं? माझे पप्पा गोव्याहून आले, धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, राहिले, रात्री हॉटेलात ट्रंपेट आणि सकाळी फिल्मचं रेकॉर्डिंग. एका गाजलेल्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा त्यांचा. संगीतकाराने हात हलवून "इथे काहीतरी चमकदार टाका" एवढंच सांगितलं होतं. दिवसाचे पैसे मिळाले, नाव कुठेही नाही. पप्पा गेले तेव्हा रेडिओवर तेच गाणं लागलं होतं आणि निवेदक संगीतकाराची प्रतिभा वर्णन करत होता. आईने रेडिओ बंद केला.

अण्णांचा चाहता
हे रडगाणं दर वेळी ऐकतो. चाल बांधणारा तो संगीतकार. तुकडा वाजवणं आणि नोटेशन लिहिणं म्हणजे संगीत देणं नव्हे. आमच्या अण्णांनी, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांनी, गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांना सन्मानाने सोबत घेतलं. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावर आहे. कोणी लपवलं?

बाजेवाल्याचा मुलगा
रडगाणं? माझ्या बापाच्या फुंकीवर तुमचं बालपण गेलं आणि मला रडगाणं म्हणता? शब्द मागे घ्या. अण्णांबद्दल मी एक अक्षर बोललो नाही, त्यांना पुढे करू नका. पडद्यावर एक बँड दिसला म्हणून स्टुडिओत मागे बसलेले सगळे दिसले का? अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. लोक ते नाव नाचत म्हणतात, माणूस कोण होता हे शंभरात दोघांना माहीत नसेल.

अण्णांचा चाहता
"रडगाणं" मागे घेतो. वडिलांबद्दल ते बोलायला नको होतं. बाकी मत माझं तेच आहे, चाल पहिली. पण एक भर घालतो, कारण खरी आहे. प्यारेलालजींचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रंपेट वाजवायचे. किती कानांपर्यंत पोचले, आणि आज ट्रंपेट म्हटलं की त्यांचं नाव कोणाच्या तोंडी येतं? इथे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

परळकर
विषय पोराचा होता, तो कुठे गेला?

ट्रंपेट, तिसरं वर्ष
मी सांगते. मी दादरला राहते आणि ट्रंपेट शिकते. घरी वाजवलं की सोसायटीचा फोन येतो. म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं बूच, लावून वाजवलं तर फुंकीला उलटा जोर बसतो, खरा आवाज कळत नाही. म्हणून सकाळी सहाला चौपाटीवर, समुद्राकडे तोंड करून नुसते लांब सूर. ओठ तासाभरात सुजल्यासारखे होतात, मग दिवसभर काही नाही. इतर वाद्यांसारखा आठ-आठ तास रियाज या वाद्यात होतच नाही. म्हणून शिकण्याचा मोठा भाग दुसऱ्यांसोबत उभं राहून ऐकण्यात जातो. सोलो दोन मिळाले की पाच, यापेक्षा बाजूला कोण उभं आहे ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

परळकर काका, तरी तुमची एक गोष्ट बरोबर आहे. अशी संधी बोलावल्याशिवाय मिळत नाही, आणि बोलावणारे नेहमीच्या चार मुलांनाच बोलावतात. मला तीन वर्षांत एकदाही कोणी "वाद्य घेऊन ये" म्हटलेलं नाही.

परळकर
पियानोवाल्यांनी हात उचलले ते मला मुद्दाम वाटलं नव्हतं. मला वाटलं, दमले. तेवढं माहीमकरांचं मान्य. पण पोस्टरवर ज्याचं नाव, गाणी त्याने निवडावीत. दुसरा सेट सगळा म्हाताऱ्यांच्या आवडीचा होता, हे मी मागे घेणार नाही.

माहीमचा श्रोता
हे मलाही खटकलं होतं. आधी लिहायला हवं होतं, तुमच्यावर रागावलेलो असल्याने लिहिलं नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बोलावत नाहीत, ही ज्येष्ठांची चूक आहे. तिथे मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही.

ट्रंपेट, तिसरं वर्ष
दुसरा सेट त्यानेच निवडला होता. मी त्या रात्री बारच्या मागे उभी होते, मध्यंतरात तो यादी लिहीत होता. जुनी गाणी मुद्दाम घेतली, कारण ती काकांना पाठ आणि त्याला नाहीत. संपल्यावर ड्रमवाले काका झांजा पिशवीत भरताना त्याला म्हणाले, मंगळवारी घरी ये, नुसत्या ब्रशवर वाजवू.

परळकर
गेला का?

ट्रंपेट, तिसरं वर्ष
गेला. आणि मला फोन करून म्हणाला, पुढच्या मंगळवारी तूही चल. काकांना विचारलंय.

बाजेवाल्याचा मुलगा
मुली, पप्पांचा म्यूट माझ्याकडे कपाटात पडून आहे. माझ्या घरात कोणी वाजवत नाही. मंगळवारच्या आधी धोबीतलावला येऊन घेऊन जा.