प्रस्तरभंगावरचे उभे छिद्र : १२ मीटर सोने कितपत खरे धरावे?

गारगोटी (नागपूर):
नमस्कार. मी नागपूरला भूशास्त्रात एम.एस्सी. करतो. अभ्यासासाठी मिळालेल्या एका जुन्या वेधन-नोंदीत, सुमारे ७० अंशांनी पूर्वेकडे कललेल्या प्रस्तरभंगावर (खडक तुटून जिथे सरकले, त्या भेगेवर) सरळ उभे छिद्र घेतले असून त्यात '१२ मीटर, टनामागे ३ ग्रॅम' अशी नोंद आहे. त्याच टप्प्यात कोअर (छिद्रातून काढलेला खडकाचा दंडगोल) मात्र ६० टक्केच हाती आला आहे. हा आकडा कितपत धरावा? आणि आपल्या विदर्भातील साकोली खडकपट्ट्यातील परसोरी, कितारीसारख्या ठिकाणी सोने भेगांच्याच आधाराने का असते?

जुना रिगवाला:
आधी १२ मीटरचे पाहू. उभे छिद्र आणि भंगातला ७० अंश कललेला थर यांच्यात अवघा २० अंशांचा कोन राहतो, म्हणजे छिद्र थराला छेदण्याऐवजी त्याच्या कडेने घसरत गेले. खरी जाडी जेमतेम ४ मीटर भरते. पूर्वेला रिग (वेधनयंत्र) लावून पश्चिमेकडे ६० अंशांनी तिरपे छिद्र घेतले असते, तर कोन ५० अंशांचा झाला असता. उभे छिद्र सोपे आणि स्वस्त पडते, हा मोह मीही पाहिलेला आहे.

भेगांचे कारण असे, की खोलवरच्या गरम पाण्याचा दाब वाढत जातो, भूकंपात भंग सरकला की तो एकदम उतरतो आणि पाण्यातली सिलिका व सोने तिथेच साचते. हे शेकडो वेळा घडले की भेगेत भरलेली ही शिरा जाड होते, भंग वळतो तिथे तर विशेष. मात्र भंग सोन्याच्या आधीचा की नंतरचा, हे आधी ठरवा. नंतरचा असेल तर तो शिरेचे तुकडे करून तिला दूर सरकवतो, आणि मग आपण रिकाम्या खडकात छिद्रे पाडत बसतो.

परीक्षणशाळा:
माझी शंका हरवलेल्या ४.८ मीटरवर आहे. भंगातला चिखलट भुगा वेधनाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. त्यात सोने नसेल तर सरासरी उगीच फुगते, त्यातच सोने असेल तर घटते. म्हणून तिथे तिहेरी नळीचा कोअर बॅरल (कोअर धरून ठेवणारी नळी), एका वेळी थोडेच खोदणाऱ्या आखूड फेऱ्या आणि कमी पाणी वापरतात. सोन्याचे कण जाड असतील, तर ३० किंवा ५० ग्रॅमच्या एका परीक्षणावर विसंबू नये. परीक्षणासाठी उभा कापून उरलेला अर्धा कोअरही तपासावा. टनामागे ३ ग्रॅम म्हणजे दहा लाखांत तीन भाग, त्यामुळे एखादा कण त्या नमुन्यात आला किंवा निसटला, तरी निकाल पालटतो.

गारगोटी (नागपूर):
आभारी आहे, सर. अर्धा कोअर पेट्यांत जपलेला आहे. पुढच्या आठवड्यात प्रथम भुग्याची जागा आणि शिरा कापली गेल्याच्या खुणा पाहून इथेच कळवतो.