खारघर डोंगराचा खरा माथा कोणता? लेझर मोजणीबाबत सल्ला हवा (बजेट १५,०००)

खारघरवासी: नमस्कार. खारघरच्या डोंगरावर चाफेवाडीच्या वरच्या अंगाला दोन उंचवटे असून त्यांच्यात साधारण ४०० मीटरांचे अंतर आहे. आमच्या गटातले निम्मे लोक उत्तरेकडचा माथा खरा मानतात आणि निम्मे दक्षिणेकडचा. मोबाइलवरचे दोन नकाशेही एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. विमानातून केलेल्या लेझर सर्वेक्षणाच्या, म्हणजे लायडारच्या, आधारे परदेशात असे वाद मिटवले जातात. तशी विदा (डेटा) आपल्याकडे मिळते का, आणि नसल्यास १५,००० रुपयांत काय करता येईल?

घोडबंदरकर: एवढ्या पैशांत काही होणार नाही, हे आधीच सांगतो. मी गेल्या वर्षी उत्तम कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला आणि गावाकडच्या जमिनीचे त्रिमितीय चित्र स्वतः तयार केले; सोसायटीतले लोक अजून ते पाहायला येतात. थोडे थांबा, पैसे साठवा, पण ड्रोनच घ्या.

वाशी_नकाशे: ड्रोनच्या छायाचित्रांतून गवताचा आणि झाडांचा शेंडा मोजला जातो, जमीन नव्हे. लायडारमध्ये लेझरचे काही किरण पानांच्या फटींतून खाली पोहोचतात, एकाच स्पंदाचे अनेक परतावे (आदळून परत आलेले किरण) नोंदले जातात आणि शेवटच्या परताव्यांतून जमीन वेगळी काढता येते. तरीही संगणकाच्या वर्गीकरणावर डोळे झाकून विसंबू नये, कारण टोकदार खडक झाड किंवा इमारत समजून गाळला जाऊ शकतो आणि माथा नेमका तोच असतो; म्हणून जाणकार लेझरने मोजलेले मूळ बिंदू एकेक करून तपासतात. इंग्लंडच्या बहुतेक भागाची १ मीटर चौकटीची (म्हणजे दर मीटरला एक उंची देणारी) अशी विदा फुकट मिळते, आपल्या डोंगरांची मिळत नाही. आपल्या हाती राहतात ती अवकाशातून मोजलेल्या उंचीची ३० मीटर चौकटीची प्रारूपे: २००० सालच्या स्पेस शटल मोहिमेचे, कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचे आणि इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरचे कार्टोसॅट उपग्रहाचे. एवढ्या मोठ्या चौकटीत लहान उंचवटा बोथट होतो, आणि तुमच्या नकाशांचे भांडण बहुधा तिथेच आहे. ‘आइससॅट-२’ हा उपग्रह २०१८ पासून लेझरनेच उंची मोजतो, परंतु ठरावीक रेषांवरच. त्यातली एखादी रेषा तुमच्या उंचवट्यांवरून गेली आहे का, ते पाहून ठेवा.

नेरूळ_भटका: आयफोन प्रोमध्ये लायडार असतोच की. मित्राचा मागून घ्या.

वाशी_नकाशे: त्याचा पल्ला सुमारे ५ मीटर आहे, ४०० नव्हे.

सह्याद्रीप्रेमी: माथा म्हणजे काय, हे आधी ठरवा. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) माथ्यावर मंदिर आहे. तिथे उंची कळसापर्यंत धरायची की जोत्यापर्यंत?

घोडबंदरकर: माणसाने रचलेले काहीही धरायचे नाही, मूळ खडक धरायचा. ड्रोनमधून हेही स्पष्ट दिसते.

निवृत्त_ओव्हरसियर_ठाणे: समुद्रसपाटीपासूनची उंची तुम्हाला हवीच कशाला? दोहोंपैकी उंच कोणता, एवढाच प्रश्न आहे. ऑटो लेव्हल (अगदी आडवी नजररेषा देणारी दुर्बीण), तिवई आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) दिवसाच्या भाड्याने मिळतात; ते बजेटात सहज बसेल. थेट ४०० मीटरांवरून स्टाफचे बारीक आकडे वाचणे जड जाते, म्हणून टप्पे पाडून मधल्या खोलगटात उतरा आणि पलीकडे चढा. प्रत्येक टप्प्यात लेव्हल दोन स्टाफांच्या मधोमध लावली की पृथ्वीच्या वक्रतेची चूक आपोआप कटते. तशी ती ४०० मीटरांवरही वक्रीभवनासह जेमतेम १ सेंटीमीटर असते. जीपीएसच्या नादी लागू नका. त्याचा कच्चा आकडा एका गणिती पृष्ठभागापासून मोजलेला असतो आणि मुंबई परिसरात समुद्रसपाटी त्याच्या ६० मीटरांहून अधिक खाली आहे, त्यामुळे वाशीच्या खाडीकाठीही उंची उणे दिसते.

ऐरोलीकर: मीही हेच लिहिणार होतो, लेव्हल भाड्याने घ्या. बारोमीटरचे घड्याळ मात्र कोणी घेऊ नये. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की उंची ८ मीटरांहून अधिक सरकते. माझे महागडे घड्याळ एकाच कट्ट्यावर सकाळी एक आणि दुपारी दुसरीच उंची दाखवते, आणि दुकानदार बदलून देत नाही. ड्रोनवाल्यांनी नवी मुंबई विमानतळ जवळ आहे हे विसरू नये. आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-नकाशावर क्षेत्राचा रंग, म्हणजे तिथे उडवायला परवानगी लागते का, ते पाहावे.

घोडबंदरकर: परवानगी काढता येते. मी काढली होती.

खारघरवासी: सर्वांचे आभार. स्टाफ धरायला आणि टप्पे मोजायला सबंध दिवस देईल असा माणूस आमच्या गटात नाही. म्हणून गोल्फ खेळणारे वापरतात तसा, कोनही दाखवणारा हातातला लेझर अंतरमापक मागवला आहे. तो बजेटात बसतो आणि त्यात लेझरही आहे.

निवृत्त_ओव्हरसियर_ठाणे: त्याच्या कोनात ०.१ अंशाची चूक असली तरी ४०० मीटरांवर ७० सेंटीमीटरांचा फरक पडतो. अजून वेळ गेलेली नाही, ऑर्डर रद्द करा.

खारघरवासी: दोन्ही टोकांवरून मोजून सरासरी काढेन. उत्तरेकडचा निदान २ मीटरांनी उंच असावा असे मला दिसते.

सह्याद्रीप्रेमी: आणि तिथे कोणी दगडांची रास रचली असेल, तर ती धरणार की नाही?