'आर्यीकरण' नको, तर मग काय?

कोपरखळी: नाझी काळातल्या बर्लिनच्या डिपार्टमेंट स्टोअर्सवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात पदोपदी 'आरिझीरूंग' येतो, म्हणजे ज्यूंची दुकानं-कारखाने दबाव आणून 'आर्यां'च्या नावावर करणं. मी 'आर्यीकरण' लिहिलं. संपादक म्हणतात, वाचकाला 'कृण्वन्तो विश्वमार्यम्' आठवेल आणि होमहवन डोळ्यांपुढे येईल. दुसरं काही सुचवा.

सरळसोट: बळकावणे. घरचा शब्द असताना ही संस्कृत खोगीरभरती कशाला?

जुना बाजार: बळकावायला कागद लागत नाही हो. इथे सगळं कागदोपत्री. करार, सही, वर नाझी पक्षाच्या आर्थिक सल्लागाराची मंजुरी. फळीवरच्या मालाची किंमत धरायची, तीही पाडून; गुडविलचा, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाचा, छदाम नाही. आलेले पैसे गोठवलेल्या खात्यात, आणि देश सोडायचा तर मालमत्तेवर २५ टक्के कर. हा कर मुळात १९३१ चा, भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला. नाझींना तो आयताच मिळाला. मी 'सक्तीचं खरेदीखत' म्हणेन.

कोपरखळी: दुकानाला चालेल, पण अख्ख्या उद्योगाला? शिवाय मला क्रियापद हवंय.

तिरकी रेघ: लाटणे! पोळीवरूनच आलं असणार. कणीक दुसऱ्याची, पोळपाट आपला.

सरळसोट: व्युत्पत्ती कोशात बघतात, पोळपाटावर नाही.

मामलेदार: कूळकायद्यात आमची जमीन गेली, तेव्हा आजी नुसतं 'गेली' म्हणायची. कुणी घेतली ते नाही. तसंच 'दुकान गेलं' लिहा की.

जुना बाजार: साहेब, ही तुलना नको. कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली. इथे १२ नोव्हेंबर १९३८ च्या वटहुकमाने ज्यूंची किरकोळ दुकानदारीच बंद केली. दोन-तीन दिवसांपूर्वी दंगलखोरांनी फोडलेल्या काचा ज्यूंनीच स्वखर्चाने बसवायच्या, विम्याचे पैसे सरकारजमा, वर सगळ्या समाजाला १ अब्ज राइशमार्क दंड. आणि 'गेलं' म्हटलं की घेणारा सुटला.

मामलेदार: कसणाऱ्याला दिली हे पुस्तकात. आमच्याकडे कोण कसत होतं, ते मला विचारा.

उंबराचं फूल: तो धागा वेगळा काढा. कोपरखळी, 'आर्यीकरण'च ठेवा, अवतरणांत. गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याला दिलेलं सोवळं नाव आहे ते, दिसू दे. हर्मान टीट्झ या दुकानसाखळीचं १९३३ नंतर 'हेर्टी' झालं. नावाची आद्याक्षरं ठेवली, टीट्झ कुटुंब बाहेर. याला नुसतं बळकावणं म्हटलं तर त्यातली सफाई कुठे दिसते?

सरळसोट: अवतरणचिन्हं मोठ्याने वाचताना ऐकू येत नाहीत. आणि ज्यू काय? यहुदी म्हणा.

तिरकी रेघ: आमच्या अलिबागच्या शेजारीणकाकू ज्यूच, पण स्वतःला बेने इस्राएल म्हणवायच्या. गावात त्यांना शनवार तेली म्हणत, शनवारी घाणा बंद म्हणून.

सरळसोट: शनिवार.

मामलेदार: जुन्या कुलाबा जिल्ह्यात शनवारच.

कोपरखळी: मंडळी, क्रियापद! उद्या लेख द्यायचाय.

तिरकी रेघ: लाटणे म्हटलं ना. आणि पुण्यातसुद्धा शनवारवाडाच म्हणतात.