मदत हवी आहे : भरलेली जुनी हार्ड डिस्क प्रॉक्समॉक्सला कशी जोडावी?

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या डेस्कटॉपवर मी प्रॉक्समॉक्स (एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) बसवले असून त्यावर उबुंटू लिनक्सचे एक व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालते. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) फॉरमॅटची, घरच्या फोटोंनी जवळजवळ भरलेली ४ टीबीची हार्ड डिस्क आता याच सर्व्हरला जोडायची आहे. मात्र तिच्यावरील एकही फाइल पुसली जाता कामा नये. वेब इंटरफेसमधून डिरेक्टरी (साठवणीची जागा) तयार करायची तर रिकामी डिस्क लागते आणि ती फॉरमॅट होते, त्यामुळे तो मार्ग बादच.

उरतात दोन पर्याय. एक म्हणजे, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेली फाइल) यूयूआयडीची, म्हणजे फाइल सिस्टीमच्या कायमच्या ओळख क्रमांकाची, नोंद करून डिस्क होस्टवरच (मूळ प्रॉक्समॉक्स संगणकावर) माउंट करायची, म्हणजे वापरासाठी जोडायची, आणि एनएफएसद्वारे (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची पद्धत) व्हर्च्युअल मशीनला द्यायची. दुसरा म्हणजे, ‘क्यूएम सेट’ या प्रॉक्समॉक्सच्या आज्ञेने अख्खी डिस्कच त्या मशीनच्या हवाली करायची. यात लिनक्सने डिस्कला दिलेले एसडीबीसारखे नाव न देता बाय-आयडी या फोल्डरखालचा, म्हणजे मॉडेल व सीरियल क्रमांक असलेला, पथ द्यावा हे ठाऊक आहे, कारण पहिले नाव रीबूटनंतर बदलू शकते. होस्ट आणि मशीन या दोघांनी एकाच वेळी डिस्क माउंट केल्यास फाइल सिस्टीम खराब होते, हेही ध्यानात आहे.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. परंतु असे केल्यास डिस्कच्या स्मार्ट चाचण्या (डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या अंगभूत चाचण्या) होस्टवरूनच कराव्या लागतील ना? तसेच मशीनच्या रोजच्या बॅकअपमध्ये हे ४ टीबी येऊ नयेत म्हणून त्या डिस्कसमोरील बॅकअपची खूण काढणे पुरेसे आहे का? अशी मांडणी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.