मदत हवी आहे: लागावुलिन व्हिस्कीनंतर कोणती बाटली घेऊ?
मंडळी, लागावुलिन १६ चाखली आणि स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या धुरकट माल्ट व्हिस्कीच्या प्रेमातच पडलो. पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुरावर सुकवलेल्या सातूचा तो वास, चुलीजवळ बसल्यासारखा, आणि मागून हळूच येणारा गोडवा! आता पुढची बाटली घ्यायची आहे. १० वर्षांची आर्डबेग ४६ टक्के अल्कोहोलची, तिच्या माल्टमध्ये (मोड आणून सुकवलेल्या सातूत) फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी द्रव्यं, ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) आसपास. बोमोरच्या माल्टमध्ये साधारण २५. पण हे आकडे माल्टचे, ग्लासातल्या व्हिस्कीचे नव्हेत, म्हणून नुसत्या आकड्यांवर निवडायला मन धजत नाही. मला धूर भरपूर हवा, पण लाफ्रॉइगसारखा आयोडिनचा, दवाखान्याचा वास नको. १२ वर्षांची कल ईला बरी पडेल का? आणि पाणी किती घालता? थेंबभर घातलं की मला धूर उलट वाढल्यासारखा वाटतो. तुमचाही हाच अनुभव आहे का?