निफाड तालुका बघायचाय, पक्ष्यांशिवाय काय आहे तिकडे?

नाशिकहून रविवारी निघतोय, नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य ठरलंय, बाकी तालुक्याची काहीच माहिती नाय, कोणी सांगा ना.

गंगाकाठ: चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर सकाळी लवकर जा, उन्हं चढली की मजा नाय. गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं न पाणवनस्पती माजल्या, म्हणून तर पक्षी उतरतात. 2020 मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळतो तो आंतरराष्ट्रीय दर्जा) जाहीर झाला, राज्यात पहिलाच. तिकडे गोदावरी म्हणू नका हां, गंगाच म्हणतात सगळे.

बागाईतदार: पक्षी बघा पण माणसंपण बघा की. थंडीत पारा उतरला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, धूर नुसता वेलींखाली रेंगाळत असतो, मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर जागरण. येताना लासलगावला कांद्याचं मार्केट आहे, पण रविवारी लिलाव बंद, वार बदला.

जुना_निफाडकर: न्यायमूर्ती रानडे 1842 साली निफाडलाच जन्मले, हे कोणीच सांगत नाय राव! आणि पावसाळ्यात येणार असाल तर गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय ते बघून या, सायखेडा-चांदोरीत पाणी घुसतं, 2019 ला तर लय हाल झाले.